हाकेचा सूर कोणी ठरवावा?

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्याभिषेक डोळ्यांपुढे उभे राहतात. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत, ती आपणांपैकी बहुतेकांच्या खिशात आहे, आणि मंडपात शिरताना आपण तिला गप्प बसविले असेल अशी आमची आशा आहे. मोबाइलची रिंगटोन ही ती वस्तू. एवढ्याशा गोष्टीला इतिहास तो कसला, असे कोणी म्हणेल. परंतु माणसाला हाक कोणत्या सुरात यावी आणि तो सूर कोणी ठरवावा, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. सुमारे दीडशे वर्षांत हा अधिकार कंपनीकडून व्यक्तीकडे, व्यक्तीकडून बाजाराकडे आणि बाजाराकडून पुन्हा व्यक्तीकडे असा फिरत आला आहे. तो कसा फिरला हे पाहणे, आणि तो हाती आल्यावर आपण त्याचे काय करीत आहोत हे स्वतःला विचारणे, एवढाच आमचा हेतू आहे.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना दूरध्वनीचे पेटंट मिळाले ते ७ मार्च १८७६ रोजी. या यंत्राला आरंभी घंटाच नव्हती, हे आज कोणाला सांगितले तर खरे वाटणार नाही. बोलण्याची सोय झाली होती, बोलावण्याची नव्हती. पलीकडच्या माणसाचे लक्ष वेधायचे तर यंत्राच्या पडद्यावर पेन्सिलीने टकटक करावी किंवा त्यातच तोंड घालून ओरडावे, असा प्रकार असे. एडिसनसारख्या कल्पक माणसाने तर १८७७ मधील एका पत्रात असे मत दिले की, ‘हॅलो’ हा शब्द दहा-वीस फुटांवरून ऐकू येतो, तेव्हा निराळ्या घंटेची गरज पडू नये. एडिसनचे ‘हॅलो’ जगाने उचलले, त्याचे घंटेविषयीचे मत मात्र बाजूला ठेवले. बेल यांचे सहकारी टॉमस वॉटसन यांनी प्रथम एक लहान हातोडा, मग गुणगुणणारे एक यंत्र आणि अखेर १८७८ मध्ये दोन वाट्यांमध्ये लोलक आपटणारी घंटा सिद्ध केली. ती घंटा पुढे जवळजवळ शंभर वर्षे जगाच्या कानांवर आदळत राहिली.

या घंटेचे वैशिष्ट्य असे की ती कोणा एकाची नव्हती. ती यंत्राची होती, आणि यंत्र कंपनीचे होते. अमेरिकेत १९६८ पर्यंत बेल कंपनीच्या तारेला परके उपकरण जोडण्याची ग्राहकास मुभा नव्हती. आपल्याकडे कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे १८८२ मध्ये दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर बंगळूरच्या कारखान्यातून काळे, जड यंत्र घरोघर येऊ लागले, पण ते सरकारी खात्याचे. घंटा मंत्र्याच्या बंगल्यात वाजो की किराणा दुकानात, ती एकाच आवाजात वाजे. समता म्हणावी तर ही खरी समता! परंतु फोन नेमका कोणासाठी आहे हे ती कधीच सांगत नसे.

हाक वेगळी असावी ही माणसाची इच्छा मात्र तेव्हाही होतीच. अमेरिकेतील खेड्यांत एकाच तारेवर अनेक घरे असत आणि सर्वांकडे घंटा एकदमच वाजे. म्हणून प्रत्येक घरास खूण ठरवून दिलेली असे: एकास दोन लांब आणि एक आखूड, दुसऱ्यास एक लांब आणि तीन आखूड. आपली खूण ऐकली की आपण उचलायचा. दुसऱ्याची खूण ऐकून हळूच उचलणारे शेजारीही असत, तो भाग निराळा. आमच्याकडे याहून सरस युक्ती होती. ज्यांच्या घरी फोन नाही ते आपल्या पत्त्याखाली शेजाऱ्याचा क्रमांक देऊन पुढे ‘पी. पी.’ अशी अक्षरे घालीत. घंटा शेजारी वाजे आणि चाळीच्या गॅलरीतून हाक येई, ‘अहो, तुमचा फोन!’ यंत्राची घंटा सर्वांची, पण तिच्या पाठोपाठ येणारी हाक नेमकी एकाची. व्यक्तिगत रिंगटोनचा आमच्याकडील पहिला अवतार तोच, असे आम्ही म्हणतो.

यंत्र घरातून खिशात आले तेव्हा परिस्थिती पालटली. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून पहिले संभाषण केले. आता घंटा घराची राहिली नाही, माणसाची झाली. आणि माणसाची झाली म्हणताच नवी अडचण निर्माण झाली. एका डब्यात दहा जणांच्या खिशात सारखाच आवाज असेल तर एक फोन वाजताच दहाही जण खिसे चाचपणार. वेगळा सूर ही प्रथम हौस नव्हती, गरज होती.

ही गरज जपानने ओळखली. मे १९९६ मध्ये तेथे डिजिटल मोव्हा एन १०३ हायपर हा फोन आला. त्यात तयार गाण्यांच्या चाली भरलेल्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरात आलेल्या डिजिटल मिनिमो डी ३१९ या फोनवर वापरणाऱ्यास स्वतः सूर भरता येऊ लागले. लोकांनी ही सोय इतकी उचलून धरली की, कोणत्या गाण्यासाठी कोणती बटणे दाबावीत हे सांगणारे पुस्तक १९९८ मध्ये निघाले आणि त्याच्या ३५ लाखांहून अधिक प्रती खपल्या. युरोपात फिनलंडच्या नोकिया कंपनीने फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या १९०२ मधील ‘ग्रान व्हाल्स’ या रचनेतील एक तुकडा आधी जाहिरातीत आणि १९९४ मध्ये २११० या फोनवर आणला. तारेगा १९०९ मध्येच वारला होता. आपली एक ओळ जगातील कोट्यवधी खिशांतून वाजेल, हे त्याच्या स्वप्नीही नसेल. याच कंपनीच्या फोनवर संदेश आला म्हणजे तीन आखूड, दोन लांब, तीन आखूड असा ध्वनी होई. तारायंत्राच्या मोर्स लिपीत ही ‘एसएमएस’ ही अक्षरे होत.

२००० मध्ये आलेला नोकिया ३३१० आपल्यापैकी पुष्कळांच्या हातात होता. त्यात सूर रचण्याची सोय होती. १ ते ७ ही बटणे म्हणजे आपले सा ते नी. ८ ने सूर आखूड होई, ९ ने लांब. शून्य म्हणजे विराम. फुलीच्या बटणाने सप्तक बदले आणि त्याच्या जोडीच्या जाळीच्या खुणेने सूर अर्धा चढे. ज्याने जन्मात पेटीला हात लावला नाही, असा कॉलेजचा विद्यार्थी बसच्या थांब्यावर उभा राहून गाण्याची ओळ बटणांत बसवीत असे. ती बेसूर निघे, पुन्हा बसवीत असे. संगीताच्या इतिहासात या खटाटोपास स्थान मिळणार नाही. तरी सामान्य माणसाने आपल्या हाकेचा सूर आपल्या बोटांनी घडविला, असा काळ त्यापूर्वी कधी आला नव्हता, हे विसरता येत नाही.

पण जेथे हौस तेथे बाजार. फिनलंडमध्येच व्हेसा-माट्टी पानानेन या तरुणाने फोनवर सूर पाठविण्याची युक्ती काढली आणि १९९८ मध्ये तेथील रॅडिओलिन्या कंपनीने तयार रिंगटोन विकण्यास प्रारंभ केला. जे काल बोटांनी घडत होते ते आज पैसे टाकून मिळू लागले. आपल्याकडेही वर्तमानपत्रांतून आणि दूरदर्शन वाहिन्यांवरून ‘अमुक क्रमांकावर संदेश पाठवा आणि गाणे मिळवा’ अशा जाहिराती झळकू लागल्या. आरंभी एकेरी सूर होते, मग अनेक वाद्यांचा भास देणारे आले, आणि शेवटी मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडाच आला. हा फरक केवळ कानाचा नव्हता, पैशाचाही होता. नुसती चाल वाजते तोवर हक्क संगीतकाराचा. मूळ गायन वाजू लागले की ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपनीचाही वाटा आला. २००५ मध्ये तर एका स्वीडिश तरुणाने गंमत म्हणून काढलेल्या मोपेडच्या आवाजावरचे ‘क्रेझी फ्रॉग’ हे गाणे ब्रिटनच्या यादीत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर बसले.

बाजाराबरोबर त्याच्या खोड्याही आल्या. एकदा गाणे मागविले की दर आठवड्याला पैसे कापले जात आहेत, हे पुष्कळांना बिल पाहून कळे. आपल्याकडे शिल्लक रकमेतून परस्पर कपात होण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की, २०१३ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने अशी कोणतीही सेवा ग्राहकाच्या दोन वेळा दिलेल्या स्पष्ट संमतीखेरीज सुरू करू नये असा निर्देश दिला. वादाचे खटलेही झाले. भर रस्त्यात फोन वाजला तर तो गाण्याचा जाहीर प्रयोग ठरतो काय, आणि त्याचे मानधन द्यावे काय, असा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापुढे आला. ऑक्टोबर २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने निर्णय दिला की, खिशात वाजलेला फोन ही मैफल नव्हे. आम्हांस हा निर्णय शहाणपणाचा वाटतो, जरी काही फोनधारकांचे मत निराळे असावेसे त्यांच्या वागण्यावरून दिसते.

या व्यापाराचा शेवट स्मार्टफोनने केला, पण एकदम नव्हे. २००७ मध्ये ॲपलचा आयफोन आला तेव्हा आपल्या मनाचा सूर त्यावर लावण्याची सोयच नव्हती. सप्टेंबरात ती आली ती अशी की, ९९ सेंट देऊन घेतलेल्या गाण्याचा ३० सेकंदांचा तुकडा घंटेसाठी हवा असेल तर आणखी ९९ सेंट द्यावेत. एकाच नारळाचे पाणी निराळे आणि खोबरे निराळे विकण्यासारखा हा न्याय! २००८ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या फोनवर मात्र आपल्याजवळचे कोणतेही गाणे घंटेला लावता येऊ लागले. आयफोनवर एखादी ध्वनिफीत थेट घंटेसाठी वापरण्याची सरळ वाट २०२५ मध्ये आली. विकत घेण्याचे कारणच उरले नाही. अधिकार पुन्हा ज्याचा त्याला मिळाला.

आणि येथेच या इतिहासातील खरा विरोधाभास आहे. जपानी फोनात चाली आल्या त्याच १९९६ मध्ये अमेरिकेत मोटोरोलाचा स्टारटॅक हा फोन आला. तो न वाजता थरथरून हाक देऊ शकत असे. सूर आणि मौन ही जुळी भावंडे. सूर महाग होता तेव्हा लोकांनी तो मिरविला. तो फुकट झाला तेव्हा लोकांनी फोन मुका केला. दिवसाकाठी आलेले संदेश, सूचना आणि नको त्या कंपन्यांचे फोन यांनी माणूस इतका पिडला गेला आहे की, त्याला सर्वांत प्रिय रिंगटोन म्हणजे शांतता. त्यातच २०२० मध्ये महामारीच्या काळात फोन लावणाऱ्या प्रत्येकाच्या कानी खोकला आणि सूचना पडू लागल्या. हेतू हिताचा होता यात शंका नाही. पण संकटात रुग्णवाहिका बोलावणाऱ्यालाही आधी ते सारे ऐकावे लागे. कानावर अखेर सत्ता कोणाची, हा जुना प्रश्न त्या दिवसांत नव्याने लोकांच्या ध्यानात आला.

मग या अधिकाराचा उपयोग काय? आमचे उत्तर साधे आहे. फोनमधील नावांची यादी उघडावी, एक नाव निवडावे, त्याच्या तपशिलात रिंगटोन असे लिहिलेले सापडेल, तेथे एक निराळा सूर लावावा. पाच मिनिटांचे काम आहे. फोन मुका असतानाही निवडक माणसांची हाक ऐकू यावी, अशी व्यवस्था आजच्या फोनांत असते. तीही करून ठेवावी. गावी एकट्या राहणाऱ्या वडिलांचा फोन मध्यरात्री वाजलाच पाहिजे. पतपेढीच्या जाहिरातीचा वाजता कामा नये. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याला तर फोन कोणाचा हे न विचारता सुरावरून कळते. त्याच्या दृष्टीने ही चैन नव्हे, सोबत आहे. मात्र सूर आपला असला तरी कान शेजाऱ्याचेही आहेत. नाटकाची तिसरी घंटा झाल्यावर प्रेक्षागृहात चौथी घंटा वाजविण्याचा अधिकार कोणत्याही फोनने कोणास दिलेला नाही.

बेलच्या यंत्राला घंटा नव्हती तेव्हा माणसाला ओरडावे लागे. घंटा आली तेव्हा ती सर्वांसाठी वाजली. सूर आला तेव्हा तो एकासाठी वाजला, आणि आता बहुतेक वेळी काहीच वाजत नाही. या शांततेचा भंग करण्याचा हक्क कोणाला द्यावा, एवढाच निर्णय आपल्या हाती उरला आहे. तो कंपनीने घेऊ नये, बाजाराने घेऊ नये. तो आपण घ्यावा. ज्यांच्यासाठी हातातले काम टाकून उठावे अशी माणसे प्रत्येकाच्या आयुष्यात चार-दोनच असतात. त्यांच्या हाकेला निदान एक वेगळा सूर असावा.