मुंबईहून क्रूझने लक्षद्वीप: बेटावर प्रत्यक्षात किती वेळ मिळतो?

लक्षद्वीपच्या रील्समध्ये निळं पाणी, पांढरी वाळू आणि दूरवर उभं असलेलं भलंमोठं जहाज दिसतं. ते जहाज इतकं दूर का उभं असतं? बेटावरचा तुमचा अख्खा दिवस याच एका गोष्टीवर ठरतो.

सहल कशी असते?

कॉर्डेलिया क्रूझेसने सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईतून सेवा सुरू केली. तिचं 'एम्प्रेस' हे जहाज १९९० सालचं असून त्यात सुमारे १,८०० प्रवासी मावतात. जहाज बॅलार्ड पिअर भागातून सुटतं. घाटकोपर-मुलुंडकरांना सीएसएमटी, तर अंधेरी-बोरिवलीकरांना चर्चगेट सोयीचं, पुढे टॅक्सी.

मुंबई-लक्षद्वीप-मुंबई अशा चार रात्रींच्या सहलीत जाताना साधारण दीड दिवस आणि येताना तेवढाच वेळ समुद्रात जातो. बेटासाठी उरतो एक दिवस.

जहाज किनाऱ्याला का लागत नाही?

लक्षद्वीपची बेटं प्रवाळांपासून तयार झाली आहेत. बेटाभोवती प्रवाळांचं कडं आणि कड्याच्या आत उथळ, शांत पाणी असतं. त्याला लगून म्हणतात. पांढऱ्या वाळूवरच्या या उथळ पाण्यामुळेच फोटोतला तो निळा रंग दिसतो. पण मोठ्या जहाजाला इतकं उथळ पाणी चालत नाही. म्हणून जहाज कड्याबाहेर थांबतं आणि प्रवासी छोट्या बोटींतून, गटागटाने बेटावर जातात.

म्हणजे 'एक दिवस' म्हटलं तरी त्यातून बोटीची रांग, जाण्यायेण्याचा वेळ आणि शेवटच्या बोटीची वेळ वजा करायची. हातात उरतात ते काही तासच. समुद्र खवळला तर उतरणं रद्दही होऊ शकतं. पावसाळ्यात तर या फेऱ्या बंदच असतात.

परवाना लागतो का?

हो, भारतीयांनाही. १९६७ च्या नियमांनुसार बाहेरून येणाऱ्यांना प्रवेश परवाना घ्यावा लागतो. क्रूझच्या प्रवाशांसाठी हे काम सहसा कंपनी करते, पण कोणती कागदपत्रं कधीपर्यंत द्यायची हे बुकिंगच्या वेळीच विचारा.

बेटावर काय चालत नाही?

बंगारम हे रिसॉर्टचं बेट सोडलं तर लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे. जहाजावरची बाटली खाली नेऊ नका. बहुसंख्य वस्ती मुस्लिम आहे. गावात फिरताना अंगभर कपडे घाला, लोकांचे फोटो विचारून काढा. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आठवण म्हणून एखादा तुकडा खिशात टाकणंही गुन्हा ठरू शकतो.

इतकी काळजी कशासाठी?

लक्षद्वीपच्या ३६ बेटांचं एकूण क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर आहे. २०११ च्या जनगणनेत अगत्तीची लोकसंख्या साडेसात हजारांच्या आसपास होती. म्हणजे भरलेलं एक जहाज आलं, तर गावाच्या जवळपास पाव लोकसंख्येइतके पाहुणे एका दिवसात येतात.

इथे नद्या नाहीत. जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर हाच जुना आधार. कवरत्तीत २००५ मध्ये समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला, त्याची क्षमता दिवसाला १ लाख लिटर. शिवाय १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापल्याने इथल्या प्रवाळांचं मोठं नुकसान झालं. हेच प्रवाळांचं कडं लाटा अडवून बेटाला वाचवतं.

पैसे भरण्याआधी हे विचारा

- कोणत्या बेटावर आणि नेमके किती तास?
- बोटीचं भाडं, स्नॉर्कलिंग, जेवण पॅकेजमध्ये आहे की वेगळं?
- उतरणं रद्द झालं तर किती पैसे परत मिळतात?
- आजी-आजोबांना हलत्या बोटीत चढता-उतरता येईल का, मदतीला कुणी असतं का?

सोबत पाण्याची भरलेली बाटली आणि एक रिकामी पिशवी ठेवा. आपला कचरा आपल्याबरोबर जहाजावर परत आणा.