पेटीचा कपलर ते मिडीचा आकडा : सप्तक बदलण्याचा इतिहास

१/ सोलापूर-पंढरपूरच्या भजनी बैठकीत पेटी असते, तर ऑर्केस्ट्रात कीबोर्ड. कीबोर्डला बाहेरचे साउंड मॉड्यूल जोडून एक बटण दाबले, की सगळ्या पट्ट्या एक सप्तक वर किंवा खाली सरकतात. ही सोय आजची वाटते. तिची मुळे मात्र लाकूड, पितळ आणि भात्यातील हवेत आहेत.

२/ हार्मोनियमचे पेटंट पॅरिसच्या अलेक्झांडर देबेन यांनी १८४२ मध्ये घेतले. ते वाद्य पायाने चालवायचे. बसून वाजवण्याजोगी हातभात्याची पेटी घडवण्याचे श्रेय कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांना दिले जाते.

३/ महाराष्ट्रात पेटीला मान मिळाला तो संगीत रंगभूमीवर. 'संगीत मानापमान' (१९११) या नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते.

४/ पेटीचा विस्तार जेमतेम साडेतीन सप्तकांचा. म्हणून कारागिरांनी आत खर्ज, नर आणि मादी अशा सुरांच्या रांगा बसवल्या. कपलर लावला, की दाबलेल्या पट्टीसोबत एका सप्तकापलीकडची पट्टीही आपोआप दबते.

५/ १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. मींड निघत नाही, श्रुती साधत नाहीत, हा आक्षेप होता. पण तो सप्तकाच्या आतील स्वरांबद्दल होता. एका षड्जापासून पुढचा षड्ज म्हणजे दुप्पट कंपने, ४४० चे ८८०. हे नाते भारतात आणि युरोपात एकच आहे.

६/ १९८३ मध्ये मिडी आले. आता पट्टी स्वर काढत नाही, ० ते १२७ मधील एक आकडा पाठवते. स्वर मॉड्यूल काढते. सप्तक चढवणे म्हणजे त्या आकड्यात १२ मिळवणे : ६० चे ७२. कीबोर्ड आणि मॉड्यूल दोन्हींकडे सप्तक चढवले, तर बेरीज २४ होते आणि गाणे दोन सप्तके वर जाते.

७/ कपलर मूळ स्वर राखून त्याला जोडीदार देत असे. मिडीचे बटण मूळ स्वराची जागाच बदलते. पट्टी आणि ध्वनी यांची ही फारकत म्हणजे वाद्यांच्या इतिहासातील खरे वळण. तिच्यामुळे साडेतीन सप्तकांची मर्यादा सुटली. पण बोटाखालची पट्टी कोणता स्वर देईल, हे केवळ पट्टी पाहून सांगता येईनासे झाले.