डबलसीट

१. डबलसीट : वऱ्हाडातच काय, सगळ्या महाराष्ट्रात हा शब्द एका सीटच्या सायकलीवर दोघांनी बसण्याला वापरतात. नवरा पायडल मारतो. बायको मागे कॅरिअरवर, दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसते. लुगडे आऱ्यांत अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी लावून घेत. चढ लागला की ती उतरते, आणि दोघे चालू लागतात. दोन सीटची, दोन जोड पायडलांची सायकल ती टँडेम. तिचे हँडल पुढच्याच्या हाती, पण पायडलांच्या जोड्या साखळीने बांधलेल्या असल्याने बहुधा दोघांचे पाय एकाच गतीने फिरतात. ‘डेझी बेल’ या १८९२ च्या इंग्रजी गाण्यातला प्रियकर लग्नाला बग्गी परवडत नाही म्हणून हीच सायकल देऊ करतो. ‘डबलसीट’मधले मोर्शीचे जोडपे मात्र टँडेमवर कल्पू नये. इथे बाईच्या वाट्याचे काम निराळे, आणि माझ्या मते अधिक अवघड आहे : पुढचा रस्ता दिसत नसताना वळणावर तोल सांभाळून निश्चल बसणे. दोघे निघाले ते सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाकडे. त्याच्या जलाशयाचे नाव नल-दमयंती सागर. — संपा.