हिरवी कॉफी : खास दर्जाच्या मालाचा व्यापार

भाजण्यापूर्वीच्या कॉफीच्या बियांची खरेदी-विक्री. फळाचा गर आणि टरफल काढलेल्या, ओलावा १० ते १२ टक्क्यांवर येईपर्यंत वाळवलेल्या या बिया राखाडी-हिरव्या दिसतात. त्यावरून हे नाव. (वजन घटवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या ‘ग्रीन कॉफी’च्या पाकिटांशी या नोंदीचा संबंध नाही.) भाजलेल्या कॉफीचा सुगंध काही आठवड्यांत उतरतो, हिरवी बी मात्र कोरड्या गोदामात महिनोन्‌महिने टिकते. त्यामुळे देशोदेशींचा व्यापार मुख्यतः हिरव्या मालाचाच आहे.

साध्या अरेबिका कॉफीचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारावर हलतो, रोबस्टा कॉफीचा लंडनच्या. न्यूयॉर्कचा एक सौदा ३७,५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे १७ टनांचा. त्यात प्रत पाहतात. मळा कोणाचा, हे कोणी विचारत नाही. विदर्भातल्या मानोरा तालुक्यातील इंझोरी गावाचे सोयाबीन कारंजाच्या बाजार समितीत उतरले, की ओलावा आणि काडीकचरा पाहून बोली लागते, व्यापाऱ्याच्या ढिगात गावाचे नाव पुसले जाते, तसेच हे. खास दर्जाच्या कॉफीचा सगळा धंदा ते नाव ढिगात जाऊ न देण्यावर उभा आहे.

‘स्पेशालिटी कॉफी’ हा शब्द अमेरिकेत १९७४ साली एर्ना नटसन यांनी रूढ केला. मोठ्या आयातदारांना नकोशी असलेली थोडी थोडी पोती त्या कॉफी भाजणाऱ्या छोट्या भट्टीवाल्यांना विकत. एवढ्या बारक्या मालासाठी परीक्षा मात्र कडक. ३५० ग्रॅमच्या नमुन्यात पूर्ण काळी किंवा आंबलेली अशी एकही बी चालत नाही. मग तो नमुना हलका भाजतात, भरडतात आणि वाट्यांत भरून त्यावर उकळीच्या जरा खालचे पाणी ओततात. चार मिनिटांनी वर आलेला जाड थर चमच्याने मोडून नाक खाली नेतात, आणि थोडे निवले की चक्क आवाज करत भुरके मारतात, कारण घोट फवाऱ्यासारखा जिभेवर पसरावा लागतो. शंभरपैकी ८० गुण मिळाले तरच माल ‘स्पेशालिटी’ ठरतो. चवीला केवढा भाव येऊ शकतो, हे २००४ मध्ये पनामात दिसले. तिथल्या लिलावात पीटरसन कुटुंबाच्या ‘ला एस्मेराल्दा’ मळ्याची गेशा जातीची कॉफी पौंडाला २१ डॉलरने गेली. तो त्या वेळचा विक्रम होता.

भारतात ही वाट उशिरा उघडली. १९४२ च्या कायद्यानंतर मळेवाल्यांना कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात, म्हणजे ‘पूल’मध्ये, माल द्यावा लागे आणि बोर्ड तो लिलावाने विकत असे. युद्धकाळात या व्यवस्थेने बागायतदार तगले, हे खरे. पण मेहनतीने फक्त पिकलेली फळे तोडणारा आणि सरसकट ओरबाडणारा यांचा माल प्रतवारीनंतर एकाच ढिगात जाई. सोव्हिएत संघ हे मोठे गिऱ्हाईक होते, तेही १९९१ मध्ये गेले. १९९६ पर्यंत विक्री टप्प्याटप्प्याने खुली झाली, आणि मळ्याचे नाव पोत्यावर घालण्यात प्रथमच अर्थ आला. चिकमगळूर भागातली रत्नागिरी इस्टेट (नावाला फसून कोकणात शोधू नये) अशाच वेगळ्या विकल्या जाणाऱ्या मालासाठी ओळखली जाते. पुढे २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लू टोकाई’ या कॉफी कंपनीने आणि २०२० पासून मुंबईच्या वांद्र्यातील ‘सबको’ने मळ्यांची नावे शहरी गिऱ्हाइकांपर्यंत नेली.

इथिओपिया किंवा कोलंबियाची हिरवी बी आणून विकणे भारतात सोपे नाही. कॉफीवरील मूळ आयात शुल्क दीर्घकाळ १०० टक्के राहिले आहे. म्हणून पुण्या-मुंबईच्या भट्टीवाल्यांचा व्यवहार बहुतांशी कर्नाटक, केरळ, तमिळनाडू आणि आंध्रच्या अराकू खोऱ्याशी चालतो. अराकूची कॉफी आदिवासी शेतकरी पिकवतात. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

महाराष्ट्रात कॉफीसाठी नाव घेतले जाते ते विदर्भातल्याच चिखलदऱ्याचे. मेळघाटात सुमारे ११०० मीटरवर वसलेल्या या गावाची उंची अरेबिकाला पुरते. तरी व्यापाराच्या हिशेबात ही कॉफी दिसत नाही. नुसत्या उंचीने भागत नाही; खरेदीदाराला आधी निवडक पिकल्या फळांचा, नीट वाळवलेला ३५० ग्रॅम नमुना लागतो. तो पसंत पडला तर त्याच चवीची भरलेली पोती लागतात, आणि पुढच्या हंगामातही तशीच.