सीमेवरच्या राउटरच्या पाच ओळी

सिस्कोच्या राउटरवर ओएसपीएफची क्षेत्रे मांडायला एवढ्या ओळी पुरतात. वाचताना दर ओळीला एकच विचारावे: हिचा हुकूम कुठवर चालतो?

राउटर ओएसपीएफ १

या डब्यापुरताच. प्रोसेस क्रमांक शेजाऱ्याला कळतही नाही. त्याच्याकडे १०० असला तरी बिघडत नाही.

नेटवर्क १०.०.०.० ०.०.०.२५५ एरिया ०

ही ओळ नेटवर्क जाहीर करते असा समज आहे, तो सोडावा. ज्या इंटरफेसचा पत्ता या साच्यात बसतो, त्याला ती क्षेत्रात घेते. एरिया ० म्हणजे बॅकबोन. शंका: बाकीच्या क्षेत्रांनी आपसात परस्पर का बोलू नये? समाधान: क्षेत्राच्या आत प्रत्येक राउटरकडे पूर्ण नकाशा असतो. बाहेरचे मात्र ‘अमुक नेटवर्क, एवढी कॉस्ट’ इतकेच ऐकीव कळते, आणि ऐकीव गोष्ट फिरून मूळ जागी आली की लूप झालाच. म्हणून जॉन मॉय यांच्या आरएफसी २३२८ मध्ये (१९९८) क्षेत्राक्षेत्रांतली वाहतूक बॅकबोनमधूनच जाते.

नेटवर्क १०.१.०.० ०.०.२५५.२५५ एरिया १

इथे हा राउटर सीमेवरचा झाला. सीमा वायरीवर नसते, राउटरच्या पोटात असते; वायरीची दोन्ही टोके एकाच क्षेत्रात हवीत. पलीकडच्याने एरिया २ लिहिले तर पिंग छान जातो, शेजार मात्र जुळत नाही, आणि नवखा माणूस तासभर केबल तपासत बसतो.

एरिया १ स्टब

सर्वांत जोखमीची ओळ. बाहेरून आयात झालेले मार्ग आत येणे बंद. त्यांच्या बदल्यात सीमेवरचा राउटर एक डिफॉल्ट मार्ग देतो. छोट्या शाखांना तेवढे पुष्कळ. पण हेलो पॅकेटमधला एक बिट हा करार सांगतो, आणि तो क्षेत्रातल्या एकूण एक राउटरवर जुळावा लागतो. ओळ टाकताच जुने शेजार तुटतात. दुरून काम करताना आधी सीमेवर टाकली, तर पलीकडचे राउटर हातचे जातात; म्हणून सुरुवात सर्वांत लांबच्यापासून करावी. पुढे ‘नो-समरी’ जोडायचे असेल, तर ते सीमेवरच पुरे.

एरिया १ रेंज १०.१.०.० २५५.२५५.०.०

मास्क आता सरळ. वर उलटा होता. या विसंगतीला तर्क शोधू नये, पाठ करावे. हिचा परिणाम क्षेत्राबाहेर: आतली एखादी लिंक सारखी पडली-उठली तरी बाहेर एकच मार्ग स्थिर दिसतो. राउटर स्वतःकडे याच रेंजचा नल-शून्याकडे जाणारा मार्गही ठेवतो, म्हणजे आतले नेटवर्क पडल्यावर त्याचे पॅकेट डिफॉल्ट मार्गाने परत बाहेर न जाता तिथेच टाकले जाते.