दिव्यांग मुलाच्या हातात कला आहे, मग पुढे काय? हक्क, शिक्षण, योजना आणि कमाईची माहिती

मोहल्ल्यात एखादं अंध मूल गोड आवाजात नात म्हणतं, जलशात सगळे 'माशाअल्लाह' म्हणतात, कोणी खिशात शंभराची नोट ठेवतं आणि विषय तिथेच संपतो. न ऐकू येणारी मुलगी कागदावर सुंदर वेलबुट्टी काढते. घरचे म्हणतात, "चला, तिचा वेळ तरी जातो." यात माया असते, पण या मुलांचं शिक्षण, परीक्षा, कमाई आणि कलावंत म्हणून ओळख यांचा विचार होत नाही. कारण बहुतेक घरांत 'जायचं कुठे' हेच माहीत नसतं. म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत. ती प्रामुख्याने महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी आहे.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत. अंधत्व, अल्पदृष्टी, श्रवणदोष आणि हालचालीतलं अपंगत्व तर त्यात आहेच. शिवाय ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मानसिक आजार, थॅलेसेमिया, सिकलसेल आणि ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तीही त्यात येतात. 'आमच्या मुलाला बाहेरून काही दिसत नाही, मग तो दिव्यांग कसा?' असं समजून अनेक जण हक्काच्या गोष्टी सोडून देतात. तसं करू नका.

याच कायद्याचं कलम २९ संस्कृती आणि मनोरंजनाबद्दल आहे. दिव्यांग कलाकार आणि लेखकांना सोयी, आधार आणि प्रायोजकत्व मिळावं, कला त्यांच्यापर्यंत पोहोचावी, कलेचे अभ्यासक्रम त्यांना शिकता येतील असे बदलावेत, ही जबाबदारी या कलमाने सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकली आहे. टीव्हीवरचे कार्यक्रम बधिर प्रेक्षकांना सांकेतिक भाषेत किंवा उपशीर्षकांसह मिळावेत, हेही त्यात आहे. भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही (अनुच्छेद ३०) सांस्कृतिक जीवनात भाग घेणं हा हक्क मानला आहे. थोडक्यात, नगरपालिकेकडे किंवा शाळेकडे जाताना आपण मेहेरबानी मागायला जात नाही.

पहिलं काम: प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

पुढच्या बहुतेक दारांची चावी हीच आहे. केंद्र सरकारच्या 'स्वावलंबन' संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज करायचा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि जुने वैद्यकीय कागद जवळ ठेवायचे. नंतर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते आणि टक्केवारी ठरते. आरक्षण आणि बऱ्याच योजनांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

मुलीचं प्रमाणपत्र काढलं तर 'लग्नाला अडचण येईल', ही भीती आपल्याकडे फार आहे. पण प्रमाणपत्र नसल्याने दिव्यांगत्व लपत नाही. मुलीची शिष्यवृत्ती, प्रवासाची सवलत आणि शिक्षणातली जागा तेवढी जाते. एसटीच्या साध्या बसमध्ये दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. क्लासला रोज तालुक्याला जाणाऱ्या मुलासाठी ही रक्कम छोटी नाही.

संगीत: ऐकून शिकायची परंपरा

हिंदुस्थानी संगीत गुरूसमोर बसून, ऐकून आणि घोकून शिकलं जातं. त्यामुळे अंध विद्यार्थ्याला इथे वाट तुलनेने सोपी आहे. लाहोरला १९०१ साली गांधर्व महाविद्यालय सुरू करणाऱ्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघातात अधू झाली होती. ते गाणं शिकले ते मिरजेला. याच मिरजेतली सतार आणि तंबोरे बनवणारी मुस्लिम कारागीर घराणी आजही नावाजलेली आहेत. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. अलीगढला जन्मलेले संगीतकार रवींद्र जैन जन्मापासून अंध होते. हिंदी चित्रपटसंगीतात त्यांचं नाव आदराने घेतलं जातं.

व्यवहारात करायचं असं: अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा महाराष्ट्रात गावोगावच्या केंद्रांवर होतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा त्या पायऱ्या आहेत. गायन, तबला, हार्मोनियम, सतार, नृत्य यांपैकी काहीही निवडता येतं. वरच्या परीक्षांत लेखी पेपर असतो. अंध विद्यार्थ्याला लेखनिक लागणार असेल तर फॉर्म भरतानाच केंद्राला लेखी कळवा आणि त्याची पोच घ्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी धावपळ करून काही होत नाही.

नात किंवा कव्वाली म्हणणाऱ्या मुलालाही दोन-तीन वर्षं सुरांची रीतसर तालीम मिळाली तर आवाज टिकतो. नुसत्या माइकवर ओरडून चौदाव्या वर्षी गळा बसलेली मुलं आपण पाहतो.

चित्रकला, नृत्य आणि नाटक

राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा शाळेतूनच देता येतात. बधिर मुलांना या परीक्षांचा चांगला उपयोग होतो. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुणही मिळतात. पुढे कला महाविद्यालयात जायचं असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी आहेत आणि वयात ५ वर्षांची सूट आहे. लेखी परीक्षेत दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो. या गोष्टी कोणी आपणहून सांगेलच असं नाही, त्या मागाव्या लागतात.

'डोळे गेले, आता चित्रं कसली?' असं म्हणणाऱ्यांना शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी हे उत्तर आहे. १९५७ साली शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी पूर्ण गेली. त्यानंतरही त्यांनी कागद कापून चिकटचित्रं केली, भिंतीवर टाइल्सचं मोठं काम केलं. त्यांचेच विद्यार्थी असलेल्या सत्यजित राय यांनी १९७२ साली त्यांच्यावर माहितीपट काढला. चित्रकार आणि शिल्पकार सतीश गुजराल यांना लहानपणापासून ऐकू येत नव्हतं.

नृत्यात सुधा चंद्रन यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. १९८१ च्या अपघातानंतर पाय गमावूनही त्या जयपूर फूट लावून पुन्हा मंचावर आल्या आणि 'नाचे मयूरी'त स्वतःचीच कहाणी त्यांनी पडद्यावर केली. गुरु सय्यद सलाउद्दीन पाशा यांनी तर व्हीलचेअरवर भरतनाट्यम बसवलं. त्यांच्या 'ॲबिलिटी अनलिमिटेड' या संस्थेच्या कलाकारांनी देशात आणि परदेशात प्रयोग केले आहेत. व्हीलचेअर ही नर्तकाची अडचण न राहता नृत्याचाच भाग होते, हे त्यांच्या कामातून दिसतं.

नाटकासाठी सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य नाट्य स्पर्धेत 'दिव्यांग बालनाट्य' हा स्वतंत्र विभाग आहे. विशेष शाळा आणि संस्था त्यात नाटक उतरवतात. आपल्या मुलाच्या शाळेने भाग घेतला नसेल तर मुख्याध्यापकांना जरूर विचारा. १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठी केंद्राच्या सीसीआरटी संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शिष्यवृत्ती आहे. त्यात दिव्यांग मुलांसाठी काही जागा वेगळ्या असतात.

हात चालत नसतील तर

तोंडाने किंवा पायाने चित्रं काढणाऱ्या कलाकारांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. ती १९५० च्या दशकात लिकटेन्स्टाइनमध्ये स्थापन झाली. तिची भारतातली शाखा मुंबईत आहे. ही संघटना कलाकारांनीच चालवलेली आहे. ती देणगी मागत नाही, तर कलाकारांच्या चित्रांची भेटकार्डं, कॅलेंडरं विकून चालते. नवीन चित्रकाराला ती विद्यार्थी म्हणून घेते आणि रंग-कागद, शिक्षण यांसाठी शिष्यवृत्ती देते. अट एकच, चित्र खरोखर तोंडाने किंवा पायाने काढलेलं हवं. स्वतःची चित्रं आणि काम करतानाचा व्हिडिओ जपून ठेवा.

बधिर आणि अंध कलाकारांना मदत करणाऱ्या संस्था

वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाणी व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल आणि अलीगढ विद्यापीठाचे माजी कुलगुरू नवाब अली यावर जंग यांचं नाव तिला दिलं आहे. १९८३ पासून ती काम करते. श्रवण तपासणी, वाचा उपचार, सांकेतिक भाषेचं शिक्षण अशा सोयी तिथे आहेत. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राने १०,००० शब्दांचा शब्दकोश व्हिडिओ रूपात तयार केला आहे, तो मोफत पाहता येतो. घरातल्या एकाने तरी सांकेतिक भाषा शिकावीच. मूल चित्रातून काय सांगतंय हे अम्मी-अब्बांना कळलंच नाही तर प्रोत्साहन कसं देणार?

अंधांसाठी मुंबईत वरळीला नॅब, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, १९५२ पासून आहे. ब्रेल आणि बोलती पुस्तकं तिथे मिळतात. २०१६ साली सुरू झालेलं 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांना तिथे अनेक भाषांतली पुस्तकं मिळतात. दृष्टिहीनांसाठी पुस्तकाचं रूप बदलताना कॉपीराइट आड येऊ नये म्हणून २०१३ साली माराकेश करार झाला. तो मंजूर करणारा भारत हा पहिला देश होता. मोबाइलवर टॉकबॅक आणि संगणकावर एनव्हीडीए ही स्क्रीन वाचून दाखवणारी साधनं फुकट आहेत. ती शिकली की अंध मुलगा स्वतः रेकॉर्डिंग, एडिटिंग करू शकतो, शायरी टाइप करू शकतो.

हस्तकला आणि विक्री

जरदोजी, शिवणकाम, खेळणी, टोपल्या, मातीकाम ही हुनर अनेक घरांत आहे. अडतं ते बाजाराशी.

- दिव्य कला मेळा: केंद्राचा दिव्यांगजन सशक्तीकरण विभाग आणि राष्ट्रीय दिव्यांगजन वित्त व विकास महामंडळ हा मेळा वेगवेगळ्या शहरांत भरवतात. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत सुरुवात झाली, फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईत भरला. दिव्यांग कारागिरांना स्टॉल मिळतो आणि कलाकारांना मंचही.
- कर्ज: हेच महामंडळ स्वयंरोजगारासाठी कमी व्याजाने कर्ज देतं. राज्यातही दिव्यांग वित्त व विकास महामंडळ आहे.
- पीएम विश्वकर्मा: सप्टेंबर २०२३ पासून १८ पारंपरिक व्यवसायांसाठी. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने. घरातल्या एकालाच लाभ मिळतो, म्हणून नाव कोणाचं द्यायचं ते विचार करून ठरवा.
- पहचान कार्ड: वस्त्र मंत्रालयाच्या हस्तकला विभागाचं कारागीर ओळखपत्र. सरकारी प्रदर्शनांत जागा मिळवायला उपयोगी.

ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन

राज्याची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजना आहे. महिन्याला ५,००० रुपये मिळतात. वयाची अट ५० वर्षांची आहे, दिव्यांगांना त्यात १० वर्षांची सूट आहे. किमान १५ वर्षं कलेच्या क्षेत्रात काम आणि वर्षाचं उत्पन्न ६०,००० रुपयांपेक्षा कमी असावं लागतं. आपल्याकडचे कव्वाल, शायर, बँडवाले, शाहीर इथे मागे पडतात ते पुराव्यामुळे. जुनी पत्रकं, फोटो, वर्तमानपत्राची कात्रणं, आयोजकांची पत्रं आजपासूनच एका फाइलमध्ये ठेवा.

याशिवाय ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. हार्मोनियम, शिलाई मशीन, व्हीलचेअर यांसाठी तिथे अर्ज करून बघा.

आयोजकांनो, हे तुमच्यासाठी

मुशायरा, जलसा, शाळेचं स्नेहसंमेलन भरवताना पाच गोष्टी पाहा. मंचावर जायला रॅम्प आहे का? व्हीलचेअर जाईल असं शौचालय आहे का? बधिर प्रेक्षक असतील तर सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलावलाय का? अंध कलाकाराला आधी मंच, माइक आणि पायऱ्या हाताने दाखवल्या का? आणि पाचवी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट, मानधन. बाकी शायरांना पाकीट आणि दिव्यांग शायराला फक्त शाल, ही आपली जुनी सवय आहे. 'त्याला संधी दिली' म्हणून पैसे कापता येत नाहीत. त्याचं घर शालीवर चालत नाही.

कलाकाराची ओळख करून देतानाही आधी त्याची कला सांगा. 'बिचारा' हा शब्द मंचावरून नको.

दाद मागायची कुठे?

शाळेने प्रवेश नाकारला, लेखनिक दिला नाही, सभागृहात जाता आलं नाही, तर आधी त्या संस्थेला लेखी अर्ज द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. उत्तर आलं नाही तर राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे, पुण्याला तक्रार करता येते. वकील असायलाच हवा असं नाही. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे.

या महिन्यात काय कराल?

यूडीआयडीचा अर्ज भरा. मुलाच्या कामाची फाइल सुरू करा: चित्रं, रेकॉर्डिंग, प्रमाणपत्रं. जवळचं संगीत किंवा चित्रकलेचं परीक्षा केंद्र शोधा. योजनांच्या तारखा आणि अटी बदलतात, म्हणून अर्जाआधी जिल्हा समाजकल्याण किंवा दिव्यांग कल्याण कार्यालयात ताजी माहिती घ्या. आणि फॉर्म भरायला मूल किंवा तो कलाकार स्वतः सोबत असू द्या. काय शिकायचं, हे त्याला विचारूनच ठरवा.