अंबरनाथच्या शिवालयाचा काल : लेख आणि वास्तू

उल्हासनगर व बदलापूर यांच्या दरम्यान, वालधुनी नदीच्या काठी असलेले अंबरनाथचे शिवालय हे उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळातील सर्वांत महत्त्वाचे वास्तुशिल्प होय. मंदिर पश्चिमाभिमुख आहे. मंडपास तीन बाजूंनी मुखमंडप असून गाभारा मंडपाच्या पातळीहून बराच खाली, पायऱ्या उतरून गेल्यावर लागतो. शिखराचा वरचा भाग ढासळलेला आहे. तथापि जो अंश शिल्लक आहे, तो त्याची शैली निश्चित करण्यास पुरेसा आहे.

मंदिराच्या उत्तरेकडील द्वारावरील दगडी तुळईवर, आतील बाजूस, मामवाणिराजाच्या कारकीर्दीतील एक शिलालेख कोरलेला आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी त्यातील शकवर्ष ७८२, म्हणजे इ. स. ८६०, असे वाचले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असल्याचे दाखविले. एका अंकाच्या वाचनाने दोनशे वर्षांचे अंतर पडते. यांपैकी कोणते वाचन ग्राह्य, याचा निर्णय केवळ अक्षराच्या वळणावर अवलंबून नाही; राजवंशाचा इतिहास आणि प्रत्यक्ष वास्तू हे दोन स्वतंत्र साक्षीदार उपलब्ध आहेत.

प्रथम राजवंश पाहू. नवव्या शतकाच्या मध्यापासून शके ७९९ पर्यंत कोकणात दुसरा कपर्दी राज्य करीत होता, हे कान्हेरीच्या लेखांवरून सिद्ध आहे. त्या कालात मामवाणीस स्थानच उरत नाही. उलट, अनंतदेवाच्या शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटात छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणि हे बंधू क्रमाने येतात. छित्तराजाचा भांडुप ताम्रपट शके ९४८ चा आहे. मुम्मुणि म्हणजेच लेखातील मामवाणी. तेव्हा शके ९८२ हे वर्ष या क्रमात सहज बसते.

वास्तूची साक्षही हीच आहे. शिखराच्या चारही बाजूंस ‘लता’ नावाचे उभे पट्टे आणि त्यांच्या मधल्या भागांत लहान शिखरांच्या एकावर एक रचलेल्या ओळी, ही ‘भूमिज’ शैलीची लक्षणे होत. माळव्याच्या भोज परमाराच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातील ग्रंथात या शैलीचे विवेचन आहे. आणि तिचे प्रसिद्ध उदाहरण असलेले उदयपूरचे उदयेश्वर मंदिर इ. स. १०५९ ते १०८० या काळात बांधले गेले.

या कालनिर्णयाचे महत्त्व एका मंदिरापुरते मर्यादित नाही. ८६० हे वर्ष मानल्यास भूमिज शैली कोकणातून माळव्यात गेली, असे म्हणणे भाग पडेल. १०६० मानल्यास हा तर्क निराधार ठरतो. त्याचबरोबर, अंबरनाथ हे उदयेश्वराचे अनुकरण होय, असेही म्हणता येत नाही. कारण उदयेश्वर पूर्ण होण्यापूर्वी वीस वर्षे अंबरनाथचे लेखांकित द्वार उभे होते. दोन्ही ठिकाणचे स्थपती त्यापूर्वीच रूढ झालेल्या एकाच परंपरेतून काम करीत होते, हाच निष्कर्ष अधिक संभवनीय आहे. सिन्नरचे गोंदेश्वर हे त्याच परंपरेचे महाराष्ट्रातील उत्तरकालीन रूप होय. लेखावाचून वास्तूचा काल संदिग्ध राहतो आणि वास्तूकडे दुर्लक्ष केल्यास लेखाच्या वाचनातील दोष लपून राहतो, हे अंबरनाथच्या उदाहरणावरून अभ्यासकाने ध्यानात घ्यावयास हवे.